मदत हवी आहे : पूर्ण अंध मुलाला दे-आशी-बाराई (ज्युदोतला, समोरच्याचा पुढे येणारा पाय झाडण्याचा डाव) कसं शिकवायचं?

ज्युदो शिकवणाऱ्यांनो, जरा मार्ग सुचवा. मुलगा पूर्ण अंध, पॅरा ज्युदोतल्या जे१ गटातला. उकेमी (इजा न होता पडणं) पक्की आहे: हनुवटी छातीला, हात अंगापासून साधारण ४५ अंशांत आपटतो. ओ-गोशी (कंबरेवरून फेकण्याचा डाव) हेही जमतं, कारण त्यात कंबर कंबरेला लागते आणि सगळं अंगाला कळतं.

घोडं अडतंय ते दे-आशी-बाराईपाशी. समोरच्याचा उजवा पाय टेकतोय, पण वजन अजून पुरतं पडलेलं नाही, त्या क्षणी डाव्या तळव्याने तो झाडायचा. हा उशीर करतो. पाय रोवला गेला की ती नुसती नडगीवरची लाथ होते. (समोरच्याची नडगी सांगेल!)

मूळ दोष हातात वाटतो. अंदाज घेण्याच्या नादात तो दोन्ही हात ताठ धरतो, मग समोरच्याच्या धरलेल्या बाहीतून काहीच कळत नाही. कोपर सैल ठेवून, डोळे बांधलेल्या जोडीदाराबरोबर नुसतं चालायला लावलं. थोडा फरक पडला. तोंडी 'आता' म्हणणं कुचकामी, शब्द कानावर पडेपर्यंत पाय टेकलेला असतो.

पॅरा ज्युदोत पकड घेऊनच कुस्ती सुरू होते, त्यामुळे हातांवर भिस्त ठेवणं रास्तच. पण वजन सरकल्याची पहिली खूण कुठे शोधायला सांगता, बाही धरलेल्या हातात की कॉलर धरलेल्या? आणि मॅटची कड पायाला कळावी म्हणून खाली काय लावता? दोरी ठेवली तर बोटं अडकतात.