मदत हवी आहे: पावसात कपडे वाळत नाहीत, मशीन न घेता काय करता येईल?

खानापूरकर_०७
पाऊस लागूनच राहिलाय. धुतलेले कपडे दुसऱ्या दिवशीही ओलेच, आणि अंगात घातले की कुबट वास. मशीन घ्यायला पैसे नाहीत, जागाही नाही. हाताने धुऊन लवकर वाळवायचा स्वस्त उपाय सांगा. सोमवारी कामावर जायचंय.

सांबरेकर
कपडे कसले? सुती की टेरिकॉट? वाळत घालताय कुठे, पडवीत की खोलीत?

खानापूरकर_०७
युनिफॉर्म. खोलीत. फॅन आहे.

शहापूरची_वहिनी
आधी पाणी काढा, मग वाळवा. पँट नळाला अडकवून दोन्ही टोकं धरून पिळा. मग कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि गुडघ्याने दाबा. टॉवेल चिंब होतो, तेवढं पाणी पँटमधून गेलं. वाळत घालताना उलटी करून खिसे बाहेर काढा, कंबर दोन चिमट्यांनी उघडी ठेवा. सगळ्यात शेवटी कंबरपट्टा आणि खिसेच वाळतात. दोन कपड्यांत वीतभर जागा सोडा.

जांबोटीकर
आमच्याकडे आषाढात शेगडीत निखारे घालून वर बुट्टी (टोपली) उपडी ठेवतात आणि तिच्यावर कपडे. बाळाची लंगोटीसुद्धा तशीच वाळते. फॅनने काय होणार?

सांबरेकर
जांबोटीकर, पडवीत ठीक. बंद खोलीत निखारे ठेवून झोपलात तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस जातो, वासही येत नाही. कृपा करून हा सल्ला देऊ नका.

जांबोटीकर
झोपा कोण म्हणालं? दार उघडं ठेवून, समोर बसून करायचं. पिढ्यान्‌पिढ्या करतोय.

निपाणीचा_दादा
आमच्याकडे एवढा त्रास नाही ओ. तुमच्या कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस वेगळाच. बाकी हळदीचा डाग निघत नसेल तर धुऊन उन्हात टाका, पार उडतो.

वडगावचा_विणकर
दादा, ऊनच नाही म्हणून तर धागा काढलाय.
खानापूरकर, वास कपडा ओला रेंगाळल्यामुळे येतो, त्यात जंतू वाढतात. जास्त साबण घालून जात नाही, उलट साबण राहिला की वास धरतो. पाणी कुठलं, बोअरचं का? बोअरचं जड असेल तर फेस येत नाही आणि साबणाचा चिकट थर कापडात बसतो.

खानापूरकर_०७
बोअरचंच. फेस येतच नाही. ऑइलचे डागही आहेत, उद्यमबागला कारखान्यात मशीनवर काम करतो.

वडगावचा_विणकर
हे आधी सांगायचं की! मग धुण्याचा सोडा आणा, किराणा दुकानात मिळतो. जड पाणी मऊ करतो आणि ऑइलही सोडवतो. रेशीम-लोकरीला मात्र लावू नका.

शहापूरची_वहिनी
कौलं असतील तर पागोळीखाली बादली लावा. पावसाचं पाणी मऊ असतं. पहिली सर कौलांवरची घाण आणते, ती जाऊ द्या.

टिळकवाडी_९
सरळ ब्लीच टाका, वर व्हिनेगर. वास गायब.

सांबरेकर
एकत्र अजिबात नको! क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर वापरायचंच तर ब्लीच न लावलेल्या कपड्यांना, शेवटच्या पाण्यात.

टिळकवाडी_९
बरं, एकत्र नको. पण रात्रभर फॅन म्हणजे बिल वाढणार ना?

सांबरेकर
७५ वॅटचा फॅन ८ तास म्हणजे ०.६ युनिट. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटकच्या मोफत विजेच्या योजनेत, नाव असेल तर तेवढं मोफत युनिटांत बसू शकतं, भाडेकरूंनाही मिळते. फॅन कपड्यांकडे आणि खिडकी थोडी उघडी. दमट हवा बाहेर गेलीच पाहिजे.

जांबोटीकर
खिडकी उघडली की धुकं आत!

सांबरेकर
झोडपा येत असेल तेवढा वेळ लावा. कायम बंद खोलीत फॅन तीच ओली हवा फिरवत राहतो.

खानापूरकर_०७
सोडा आणला. बादलीला किती?

वडगावचा_विणकर
दोन चमचे, कडकडीत गरम पाण्यात विरघळवून. कपडे अर्धा तास भिजवा, मग साबण. हात घालू नका, कातडी सोलते, काठीने ढवळा.