गाडी पहिल्यांदाच हाताने डिटेल करतोय, क्ले आधी की पॉलिश? मदत हवी आहे

साखळीकर:
नमस्कार मंडळी. मामांची 2016 ची पांढरी स्विफ्ट आता माझ्याकडे आलीय. इंजिन टकाटक आहे, पण बाहेरून बघवत नाही. गाडी कायम डिचोलीत उघड्यावर, डोक्यावर फणस आणि आंबा, समोरच्या रस्त्याने खनिजाचे ट्रक, म्हणजे काय अवस्था असेल ते इथल्यांना वेगळं सांगायला नको. घरात लग्न आहे, त्याआधी ती माणसात आणायचीय. पणजीत एकाकडे विचारलं तर कोटिंगसकट पंचवीस हजार म्हणाला, त्यात माझे चार टायर येऊन वर पैसे उरतील, म्हणून हातानेच करायचं ठरवलंय. पॉलिशचं मशीन घेणार नाही, आणि कुणाचं आणून चालवायची हिंमतही नाही.

शाम्पूने धुऊन पुसली, चमक बरी आली. पण हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बॉनेटवरून हात फिरवला (ही युक्ती एका व्हिडिओत बघितलेली) तर रवा सांडल्यासारखं खरखरीत लागतं. शिवाय दरवाजांच्या खालच्या बाजूला आणि डिकीवर बारीक तपकिरी ठिपके आहेत, नखाने जात नाहीत. शेजारचे काका म्हणतात रॉकेल लाव, भाऊ म्हणतो टूथपेस्ट घास, दुकानदाराने क्ले बार (पेंटमध्ये रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी), कंपाउंड (पॉलिशपेक्षा जास्त घासणारं), पॉलिश, वॅक्स असं सगळंच काउंटरवर मांडलं. तर ते ठिपके खाणीच्या धुळीचे आहेत का, क्ले आधी की पॉलिश, आणि हाताने घासताना रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जाईल का? घरी पाणी विहिरीचं आहे, गाडीवर सुकलं की पांढरे डाग पडतात, त्याचंही सांगा.

फोंड्याचा दादा:
आधी ती टूथपेस्ट बाथरूममध्ये परत ठेव रे. त्यात घासणारी पूड असते, पण ती दातांच्या हिशोबाची, पेंटच्या नव्हे.

ठिपके थेट खनिजाचे नसावेत. ब्रेक घासतात तेव्हा लोखंडाचे बारीक कण उडतात, ते पेंटमध्ये रुततात आणि आपल्या दमट हवेत गंजतात, पांढऱ्या गाडीवर ते लगेच दिसतात एवढंच. खनिजाची लाल धूळ शाम्पूने बरीचशी निघते, फक्त दरवाजाच्या रबरात आणि डिकीच्या फटीत ठाण मांडून बसते, तिथे जुना मऊ ब्रश चालव. ठिपक्यांसाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे, मग फवारायचं. थोड्या वेळात त्या ठिपक्यांवरून जांभळे ओघळ येतात, घाबरू नको, रसायन लोखंडाला लागलं की तो रंग येतो. वास मात्र सडक्या अंड्यासारखा, त्यामुळे हातमोजे घाल आणि लग्नाच्या पाहुण्यांसमोर करू नको. गाडीवर सुकू न देता भरपूर पाण्याने धू. डांबराचे काळे ठिपके असतील तर त्याला टार रिमूव्हर, तोही क्लेच्या आधीच.

मग क्ले. तुकडा तळहातात चपटा कर, पृष्ठभाग शाम्पूच्या पाण्याने चिंब ठेव, दाब न देता सरळ रेषेत मागेपुढे. सुरुवातीला हाताला अडकल्यासारखं होतं आणि खर्र आवाज येतो, तो थांबला की तेवढा भाग झाला. मळका झाला की घडी घालून नवी बाजू काढ. आणि जमिनीवर पडला तर सरळ फेकून दे, कितीही जीव तुटला तरी, कारण अंगणातला एक खडा त्यात चिकटला की सगळ्या बॉनेटवर रेघा. क्ले झाल्यावर पुन्हा धुवायची, मग पॉलिश, सगळ्यात शेवटी वॅक्स.

विहिरीच्या पाण्याचं म्हणशील तर पाणी सुकूच द्यायचं नाही. उन्हात धुऊ नको, छतापासून खाली ये, आणि शेवटच्या पाण्यानंतर लगेच मोठ्या मायक्रोफायबरने टिपून घे. बालद्या दोन ठेव, एकात शाम्पू, दुसरीत फक्त गाडी धुण्याचा हातमोजा खळबळायला. टायर-रिमचं कापड वेगळं.

ताळगावची ताई:
दादांनी सांगितलं ते बरोबर, फक्त क्लिअर कोटचं राहिलं. कारखान्यातला सगळा पेंट साधारण 100 ते 120 मायक्रॉन जाड असतो, त्यात वरचा पारदर्शक थर निम्म्याहून कमी. हाताने फिनिशिंग पॉलिश लावून तो पार जात नाही, पण दरवाजाच्या कडा आणि बॉनेटची घडी इथे थर पातळ असतो, तिथे रगडू नको. जिथे नख अडकतं तो ओरखडा हाताने निघणारच नाही, सोडून दे. खरं सांगू का, पांढऱ्या गाडीवर गोलगोल रेघा दिसतच नाहीत फारशा, मी असते तर कंपाउंड दुकानातच ठेवलं असतं, हलकं पॉलिश आणि वॅक्स एवढंच केलं असतं. फणसाचा चीक असेल तर त्यावर खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेव, फणस कापताना हाताला लावतो तसंच, मऊ पडला की पुसून शाम्पूने धू. वटवाघळाची शिट मात्र दिसली की त्याच दिवशी ओल्या कापडाने उचल, पेंट खाते ती.

साखळीकर:
दादा, ताई, देव बरें करूं. कंपाउंड घेतच नाही. एकच राहिलं, वॅक्स वाळलं कसं ओळखायचं? आमच्याकडे हवा एवढी ओली की कपडे पण वाळत नाहीत, आणि आरशाचं काळं प्लास्टिक वॅक्सने पांढरं पडतं म्हणतात.

फोंड्याचा दादा:
बोट ओढून बघ. स्वच्छ रेघ उमटली तर पुसायचं, चिकट फराटा आला तर थांबायचं. थर इतका पातळ लाव की लावलाय की नाही असं वाटलं पाहिजे, जाड थापलंस तर पुसताना खांदा निखळेल. एका वेळी एकच पॅनल. काळ्या प्लास्टिकवर आधीच मास्किंग टेप चिकटव, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आणि मायक्रोफायबर धुताना त्यात कपडे मऊ करायचं लिक्विड टाकू नको, कापड पाणी ओढायचं बंद होतं.