पऱ्हाटीच्या कोळशानं रंगाचं पाणी निवळेल का?

धागाकर्ता, वर्धा जिल्हा
आमच्या बचत गटात सूत रंगवतात. निळंजर्द पाणी नाल्यात जातं आणि खाली गावची जनावरं तेच पितात. मला ते बघवत नाही. दुसरीकडे कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, आपण बांधावर जाळतो. तीच हवा कोंडून ४००-५०० अंशांवर भाजली, मग ८००-९०० अंशांवर वाफ दिली, की ॲक्टिव्हेटेड कार्बन होतो. चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, रंग त्यालाच चिकटतो. गटानं हे करावं, असं माझं ठाम मत आहे.

रसायनशास्त्र शिक्षिका, यवतमाळ
माझा विरोध आहे. प्रयोगशाळेत कार्बन तपासायला बहुधा मेथिलीन ब्लू हा रंग वापरतात. तो धनभारित, कार्बनवर सहज बसतो. सुताचे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित. ते आम्लधर्मी पाण्यात नीट चिकटतात, आणि रंगवताना घातलेल्या सोड्यामुळे तुमच्या हौदाचा पीएच १०-११, म्हणजे आम्लाच्या अगदी उलट, असणार. शिवाय गडद रंगाला लिटरमागे ५० ग्रॅमच्या वर मीठ लागतं. कार्बन ते धरत नाही. पाणी नितळ दिसेल, आणि कुणीतरी ते वावरात सोडेल.
आणि रंग नष्ट होत नाही, कोळशात जाऊन बसतो. तो कोळसा उकिरड्यावर टाकणार का?

शेतकरी, दर्यापूर
मॅडम बरोबर बोलल्या. आमी खारपाणपट्ट्यातले, जमिनीखालचं पाणीच खारं. मीठ काळ्या जमिनीचं काय करते, ते आमाले विचारा.
आन् पऱ्हाटीले कचरा म्हणू नका भाऊ. आमच्याइकडं तिच्यावरच चूल पेटते. उद्या तिले भाव आला तं मोळी नेणाऱ्या बाईनं काय जाळावं?

धागाकर्ता
दादा, मोळीचा मुद्दा मनाला लागला. पण गुलाबी बोंडअळीपायी पऱ्हाटी उपटावीच लागते, आणि मोळ्या नेऊनही आमच्याकडे ढीग उरतात. घ्यायचे ते फक्त उरलेलेच, एवढं गटात लिहून ठेवू.
मॅडम, पीएचचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मिठाचा हौद वेगळा काढून उथळ, अस्तर लावलेल्या टाक्यात उन्हानं आटवला आणि फक्त नंतरच्या धुण्याचं पाणी आम्ल घालून कार्बनमधून सोडलं तर?

रसायनशास्त्र शिक्षिका, यवतमाळ
तसं असेल तर माझा विरोध अर्धा उरतो. आटलेलं मीठ आणि रंगानं भरलेला कोळसा गोणीत बंद करून नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात द्यावा लागेल. त्याचा खर्च सुताच्या भावात धरलाय का? तो आकडा आधी मांडा. कोळसा चुलीत तर मुळीच जाऊ देऊ नका, रिॲक्टिव्ह रंगांत क्लोरीन असू शकतं, जळून विषारी धूर होईल.

धागाकर्ता
खर्च धरलेला नाही. रविवारी गटाच्या बैठकीत बायकांसोबत बसून काढतो आणि इथंच टाकतो.