अस्थिर ओव्हरक्लॉक: आधी व्होल्टेज वाढवावे की आधी मूळ सेटिंगवर यावे?

साकव (रत्नागिरी)

थंडीत निर्धोक चालणारा ओव्हरक्लॉक (म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला प्रोसेसर) मे महिन्यात बंद पडू लागला की आपल्याकडे बहुतेक जण थेट बायोसमध्ये (संगणकाच्या मूलभूत सेटिंगमध्ये) जाऊन व्होल्टेज वाढवतात. ही सवय मला चुकीची वाटते, म्हणून हा धागा.

माझ्या संगणकात इंटेलचा कोअर आय५-९६००के आहे. सहा कोअरच्या या प्रोसेसरचा कंपनीने ठरवलेला कमाल टर्बो वेग ४.६ गिगाहर्ट्झ असून मी तो सर्व कोअरवर ५ गिगाहर्ट्झ आणि १.३२ व्होल्टवर चालवतो. जानेवारीत लग्नाचे व्हिडिओ विनातक्रार एक्स्पोर्ट होत होते. आता भर दुपारी काम अर्ध्यावर आले की निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ असे लिहिलेले असते.

अशा वेळी बायोस मूळ सेटिंगवर आणावे, रॅमला वाढीव वेगावर नेणारे एक्सएमपीही बंद करावे, आणि तीच फाइल त्याच खोलीत त्याच वेळी पुन्हा एक्स्पोर्ट करावी, असे माझे मत आहे. तरीही संगणक बंद पडला, तर दोष ओव्हरक्लॉकचा नाही आणि व्होल्टेजच्या मागे लागण्यात अर्थ नाही. काम पार पडले, तर आधी फक्त एक्सएमपी सुरू करून पाहावे, मग ते बंद करून फक्त मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) वाढवून पाहावा. एका वेळी एकच बदल केला तरच कारण हाती लागते. शिवाय प्रोसेसरची वीज वेगाच्या सम प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.३२ चे १.३७ व्होल्ट केले की सुमारे ८ टक्के उष्णता वाढते, आणि तीही नेमकी ज्या महिन्यात कूलर आधीच थकलेला असतो त्या महिन्यात.

पाखाडी (मालवण)

मला हा क्रम पटत नाही. मूळ सेटिंगवर संगणक नीट चालला, तर ‘ओव्हरक्लॉक अस्थिर आहे’ एवढेच कळते, आणि ते निळ्या स्क्रीनने आधीच सांगितलेले आहे. हा संदेश प्रोसेसरने स्वतः नोंदवलेल्या हार्डवेअर-चुकीचा असतो, आणि ओव्हरक्लॉक केलेल्या यंत्रावर त्याचे सर्वांत नेहमीचे कारण अपुरे व्होल्टेज हेच आहे. अशा वेळी ०.०२ व्होल्ट वाढवून पाहणे हीसुद्धा एक चाचणीच आहे आणि ती लवकर उरकते.

त्याआधी मात्र आपण एक गोष्ट तपासावी. बायोसमध्ये १.३२ लिहिले म्हणजे कामाच्या भाराखाली प्रोसेसरला तेवढे मिळतेच असे नाही. भार पडला की व्होल्टेज खाली येते. एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट चालू असतानाचा आकडा पाहावा. तो १.२५ च्या आसपास दिसला, तर लोड-लाइन कॅलिब्रेशन (भाराखालची व्होल्टेजची घट भरून काढणारी बायोसमधली सेटिंग) एक पायरी वर न्यावे. या प्रोसेसरची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे ८८ अंशांवर घाबरण्याचे कारण नाही.

साकव

भाराखालचे व्होल्टेज पाहण्याची सूचना योग्य आहे आणि ती मी माझ्या क्रमात घेतो. १०० अंशांबाबत मात्र मी सहमत नाही. त्या तापमानाला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करू लागतो; त्याखाली कोणताही ओव्हरक्लॉक स्थिर राहील अशी हमी त्यात नाही. तापलेले ट्रान्झिस्टर या व्होल्टेजला अधिक सावकाश उघडझाप करतात, म्हणून ७५ अंशांना पुरेसे ठरलेले व्होल्टेज ९० अंशांना अपुरे पडते. ते वाढवले की तापमान आणखी चढते, आणि पुन्हा व्होल्टेज कमी पडते. खोलीचे तापमान जानेवारीच्या सकाळपेक्षा दहा-बारा अंशांनी वाढलेले असताना कोअरचे तापमान किमान तेवढेच वाढणार, आणि कोणत्याही एअर कूलरला हे टाळता येत नाही. लोड-लाइन कॅलिब्रेशन मधल्या पायरीपर्यंत ठीक आहे. अगदी वरच्या पायरीवर भार अचानक उतरताना व्होल्टेज क्षणभर उसळी घेते, आणि ही उसळी साध्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही.

सुरंगी (गुहागर)

आपण दोघेही फक्त प्रोसेसरबद्दल बोलत आहात. या प्रोसेसरसाठी इंटेलने अधिकृतपणे डीडीआर४-२६६६ (शेवटचा आकडा वेगाचा) पर्यंतची रॅम सांगितली आहे. एक्सएमपीवर ३२०० चालवली तर तोही ओव्हरक्लॉकच आहे. तेव्हा मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी चालवल्याशिवाय कोअरच्या व्होल्टेजला हात लावू नये.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे बायोसच्या आधी स्क्रूड्रायव्हर घ्यावा. हवेतल्या नुसत्या दमटपणामुळे कूलर निकामी होतो हा समज खरा नाही. खरा त्रास खाऱ्या वाऱ्याचा आहे. समुद्राजवळच्या घरात मीठ, ओल आणि धूळ यांचा चिकट थर हीटसिंकच्या पात्यांत बसतो, आणि तो नुसत्या ब्लोअरने निघत नाही. पंखा काढून ब्रशने साफ करावा लागतो. रॅमच्या कडेचे संपर्कबिंदूही पुसून पुन्हा बसवावेत. थर्मल पेस्ट जुनी असेल तर बदलावी. एवढ्याने तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर आपल्या वादातला बराच भाग उरणारच नाही.

देवचाफा (चिपळूण)

विजेचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. जांभ्याच्या कातळावर मेमध्ये जमीन कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होते. त्यात संध्याकाळी दिव्यांचा प्रकाश वर-खाली होत असतो. अशा पुरवठ्यावर ओव्हरक्लॉकची परीक्षा घेणेच मला अयोग्य वाटते.

साकव

अर्थिंग सुरक्षिततेसाठी तपासलेच पाहिजे, पण या बिघाडाचे कारण ते असेल असे मला वाटत नाही. आजचे बहुतेक चांगले एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारे युनिट) १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, आणि एटीएक्स प्रमाणानुसार मुख्य वीज तुटल्यावरही त्यांनी सुमारे १६ मिलिसेकंद धरून ठेवणे अपेक्षित असते. वीज दगा देते तेव्हा संगणक सहसा निळ्या स्क्रीनविना एकदम बंद होतो आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) फक्त कर्नल-पॉवर ४१ ही नोंद उरते. माझ्याकडे तिच्या जोडीला व्हीया-लॉगर १८ (प्रोसेसरला दुरुस्त न करता आलेली चूक) आहे, आणि त्याआधीच्या दिवसांत १९ च्याही नोंदी आहेत. १९ म्हणजे चूक झाली पण प्रोसेसरने ती दुरुस्त केली. या नोंदी दिसू लागल्या की बंद पडण्याची वाट पाहू नये, असे मी सर्वांना कळकळीने सांगेन.

खाडीकाठ (अलिबाग)

माझा विरोध मुळातूनच आहे. ज्या यंत्रावर दुसऱ्यांच्या लग्नाचे व्हिडिओ तयार होतात, त्यावर ५ गिगाहर्ट्झचा हट्ट का? निळी स्क्रीन निदान दिसते तरी. पण अस्थिर प्रोसेसर चुकीचा हिशेब करून पुढे चालू राहिला, तर फाइल खराब होते आणि ते ग्राहकाच्या घरी कळते. ४.८ गिगाहर्ट्झ १.२५ व्होल्टवर टिकले, तर वेग ४ टक्क्यांनी घटेल आणि वीज सुमारे १४ टक्क्यांनी. कारखान्यातून येणारे वेगही आता सुरक्षित धरू नयेत. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे कायमची अस्थिरता आली, कंपनीला २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरमधल्या अंतर्गत सूचना) बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

पाखाडी

हे उदाहरण वेगळ्या पिढीचे आहे आणि ९६००के ला ते लागू होत नाही. पण चार टक्क्यांचा हिशेब मला मान्य करावा लागेल. तरीही ४.८ वर उतरल्याने मूळ प्रश्न सुटत नाही, कारण १.२५ व्होल्ट पुरते की नाही हे ठरवायलाही व्होल्टेज पायरीपायरीने बदलूनच पाहावे लागेल.

साकव

ते बदलायला माझी हरकत कधीच नव्हती; हरकत क्रमाला आहे. सुरंगी यांनी सांगितलेली सफाई आणि मेमटेस्ट८६ मी सर्वांत आधी ठेवतो, त्यानंतर मूळ सेटिंगवरचे एक्स्पोर्ट, आणि मग रॅम २६६६ वर ठेवून ४.८. त्यावर प्राइम९५ या सॉफ्टवेअरची, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी स्मॉल एफएफटी चाचणी दुपारी पंखे पूर्ण वेगात ठेवून चालवीन. प्रत्यक्ष एक्स्पोर्टपेक्षा ती बरीच कडक असते, हे माहीत असूनही. बायोसमध्ये दोन प्रोफाइल ठेवता येतात: ५ गिगाहर्ट्झचे थंडीसाठी आणि ४.८ चे मार्चपासून पुढे.

पाखाडी

थंडीचे प्रोफाइलही पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नका. १९ च्या नोंदी पहिल्यांदा कोणत्या तारखेला आल्या ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मागे जाऊन पाहा; त्या फेब्रुवारीतल्या निघाल्या, तर उन्हाळ्याला दोष देता येणार नाही आणि १.३२ व्होल्ट तेव्हाही अपुरेच होते असे मी म्हणेन.