घरचा मेळावा, डिसेंबर २०२६ : तारखा, गाड्या, स्वयंपाक

धाकटे काका, सातारा : सगळ्यांना नमस्कार. तारखा याच आठवड्यात पक्क्या करू, उशीर झाला की तिकिटं चढतात. २५ डिसेंबर शुक्रवारी आलाय, म्हणून २५ ते २७ महाबळेश्वरला जमू असं दोघातिघांचं म्हणणं आहे. बोला.

आत्या, सांगली : महाबळेश्वर त्या तीन दिवसांत अजिबात नको. नाताळला जोडून शनिवार-रविवार आला की पुण्याकडची गर्दी आधी खंबाटकीत तुंबते, मग पसरणीच्या घाटात. वर चाळीस माणसं तीन हॉटेलांत विभागली की एकत्र येणं जेवणापुरतंच उरतं. पोरं एका खोलीत गाद्या घालून झोपली तरच त्यांची गट्टी जमते. साताऱ्यात घरीच करा. जास्तीच्या लोकांना जवळच्या लॉजवर चार खोल्या घ्या, त्याही तळमजल्यावर. आजींना जिने नकोत.

शिकागोची ताई : आमच्याकडे शाळा ४ जानेवारीला उघडतात, म्हणून ३१ च्या रात्री मुंबई सोडायलाच हवी. काका, एक विनंती. उतरल्यावर पहिले दोन दिवस मुलांना कुठंही नेऊ नका. साडेअकरा तासांचा फरक म्हणजे दिवसाची रात्र होते. दुपारी चारला ती पेंगतात आणि रात्री दोनला भूक लागते. रात्रीसाठी केळी, दूध, दहीभात काढून ठेवला की पुरे.

धाकटे काका, सातारा : मग असं करू. लांबच्यांनी २४ ला पहाटे मुंबईला उतरायचं आणि सकाळीच निघायचं. गर्दी २४ च्या संध्याकाळपासून वाढते, त्याआधी साताऱ्यात पोचाल. २५, २६ विश्रांती. मेळावा २७, २८, २९.

आणि गाडीचं आत्ताच सांगतो. अमेरिकेहून येणाऱ्या चौघांच्या २३ किलोच्या आठ बॅगा होतात. त्या एका इनोव्हात बसत नाहीत, वर कॅरिअर असलं तरी. ताई, तुमच्यासाठी टेम्पो ट्रॅव्हलरच सांगतो. १७ सीटची असली तरी सामानासह १० ते १२ माणसंच धरायची.

मेलबर्नचा दादा : पालीच्या खंडोबाला कधी जायचं? यात्रा मध्ये येत नाही ना?

आत्या, सांगली : नाही. पालीची यात्रा पौषात असते. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पौष जानेवारीत लागतोय. फक्त २७ ला जाऊ नका. रविवार खंडोबाचा वार, दर्शनाची रांग आजींना झेपणार नाही. सोमवारी २८ ला सकाळी सातला निघा. तळी भरायचं सामान घरून न्या : ताम्हण, विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा. तळी पाच जणांनी उचलायची असते, त्यात दोन तरी मुलं घ्या. येळकोट म्हणायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. भंडारा कपड्यावरून जात नाही, पांढरं काही घालू नका.

दुबईच्या काकू : कागदपत्रं आजच तपासा. मुलांचा पासपोर्ट नवीन झाला असेल तर ओसीआयच्या (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं कार्ड) सरकारी साइटवर नवा पासपोर्ट आणि फोटो अपलोड करायचा असतो. वय २० होईपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टला हे करावं लागतं. लहान मुलांचे पासपोर्ट लवकर संपतात, म्हणून नेमकं इथंच राहून जातं. ज्यांचं ओसीआय नाही त्यांनी ई-व्हिसा काढावा, तोही सरकारी साइटवरूनच. तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट जादा पैसे घेतात.

वर्गणीचं म्हणाल तर अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, यूएई इथल्या मोबाइल नंबरला एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं बँक खातं जोडून यूपीआय चालतं. बँक ती सोय देते का, तेवढं विचारा.

वहिनी, सातारा : स्वयंपाकाचं माझ्याकडे. मोठे ३१, मुलं ९. रविवारी पुरणपोळी. किलोभर हरभऱ्याच्या डाळीच्या मध्यम ४० पोळ्या होतात. ८० लागतील, म्हणजे दोन किलो डाळ आणि जवळपास तेवढाच गूळ. कटाची आमटी त्याच डाळीच्या पाण्याची, म्हणून शिजवताना पाणी जास्त ठेवायचं. रात्री भरीत-भाकरी. किलोभर ज्वारीच्या पिठाच्या दहा-अकरा भाकऱ्या, सहा किलो पीठ लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिकागोच्या धाकट्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आपल्याकडं कूट भाजीत, आमटीत, कोशिंबिरीत, खर्ड्यात सगळीकडं जातं. आचारी कूट न घालता भाजी करतो म्हणाला तरी चालणार नाही. तेल शेंगदाण्याचं असू शकतं, पळी तीच असते, मिक्सरच्या भांड्यात कूट चिकटलेलं असतं. त्याचं जेवण वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या कढईत, सूर्यफुलाच्या तेलात मी स्वतः करीन. त्याची भांडी लाल फीत बांधून बाजूला. पंगतीत कुणीही प्रेमानं त्याच्या ताटात लाडू किंवा चटणी वाढायची नाही. प्रसादही आईला विचारूनच. बाहेरचे पदार्थ त्याला नाहीत.

शिकागोची ताई : वहिनी, फार बरं वाटलं. ॲलर्जीचा झटका आला तर टोचायची ॲड्रेनलिनची दोन पेनं आणू, हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या नाही. एक माझ्याजवळ, एक तुमच्याकडं. कशी टोचायची ते २५ ला चौघांना तरी दाखवते. टोचल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण त्रास परत उलटू शकतो.

धाकटे काका, सातारा : दवाखान्याचा नंबर आणि गाडी तयार राहील. पाण्याचे २० लिटरचे जार दिवसाला आठ सांगतो. बाहेरून आलेल्यांनी दात घासायलाही तेच वापरा.

मेलबर्नचा दादा : आम्ही यंदा येत नाही, पण व्हिडिओवर आहोत. २९ ला साताऱ्यात संध्याकाळी साडेपाच ठेवा. तेव्हा लंडनला दुपारचे १२, आमच्याकडं रात्रीचे ११. याहून उशीर केलात तर आमचं म्हातारं माणूस झोपेल. फोन स्टँडवर लावा आणि आजींच्या समोर, दोन हात अंतरावर ठेवा. हातातून हातात फिरवला की कुणाचाच चेहरा नीट दिसत नाही.

आत्या, सांगली : त्याच दिवशी दुपारी जुने फोटो काढू. प्रत्येक फोटोतली माणसं आजींना विचारून घ्या, नावं मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनचा वळ पुढं उमटतो. आजींना सलग पाऊण तासाहून जास्त बसवू नका.

आणि जमिनीच्या सह्यांचा विषय या तीन दिवसांत काढायचा नाही. ज्यांना दुय्यम निबंधकांकडे काम आहे त्यांनी ३० ला, बुधवारी, वेगळं जावं.

धाकटे काका, सातारा : मान्य. २७, २८, २९ पक्कं. तिकीट काढलं की उतरायची वेळ आणि बॅगांची संख्या इथंच लिहा, गाड्या त्यावरच सांगायच्यात.