पिल्लांना पहिल्याच दिवसापासून पाण्यातून अँटिबायोटिक द्यावे का?

प्रश्न : ब्रॉयलर शेडधारक, मुरबाड

पिल्ले शेडमध्ये आली की पहिले काही दिवस पाण्यातून अँटिबायोटिक द्यावे, असे औषधविक्रेते सांगतात आणि आम्हीही ते देत आलो आहोत. मात्र पावसाळ्यात मर वाढते तेव्हा तेच औषध आता लागू पडत नाही. याचे कारण काय, आणि औषध कमी करून मर कशी आटोक्यात ठेवावी?

उत्तर : पशुवैद्यक, कल्याण

निरोगी पक्ष्यांना सरसकट थोडे थोडे औषध पाजले की दुर्बळ जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणाऱ्यांना रान मोकळे मिळते. त्याहून गंभीर बाब म्हणजे ही क्षमता देणारी जनुके प्लाझ्मिडमार्फत, म्हणजे जंतूंमधल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यांमार्फत, एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जातात. कोलिस्टिन हे रुग्णालयात अन्य औषधे निकामी ठरल्यावर वापरले जाणारे औषध. त्याला निष्प्रभ करणारे असे एमसीआर-१ जनुक चीनमध्ये जनावरांत, मांसात आणि रुग्णांतही आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारताने २०१९ मध्ये कोंबड्यांसाठी आणि पशुखाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली, तेव्हा पाकिटावर ते नाव दिसल्यास कृपया परत करा. मर वाढल्यास अंदाजाने औषध बदलू नका; नुकतेच मेलेले पक्षी शवविच्छेदनासाठी नेऊन कल्चर-सेन्सिटिव्हिटी चाचणी (जंतू वाढवून त्यांना कोणते औषध लागू पडते ते पाहणे) करून घ्या. रानीखेत आणि गंबोरो हे कोंबड्यांचे आजार विषाणूजन्य असल्याने तेथे वेळेवरची लसच उपयोगी पडते.

उत्तर : कुक्कुटपालक, शहापूर

डॉक्टरसाहेबांचे म्हणणे योग्यच आहे, पण मुळात शेड कोरडी हवी. आपल्याकडच्या पावसात पडदे पूर्ण बंद केले की पक्ष्यांखाली अंथरलेले तूस ओलावते, अमोनिया कोंडतो, पक्ष्यांच्या श्वासनलिकेला इजा होते आणि ई. कोलाय या जंतूला वाट मिळते. म्हणून वरच्या बाजूने हवा खेळती ठेवा, पाणी पिण्याचे गळके निपल त्वरित बदला आणि ओले तूस रोज काढा. पाइपच्या आत बुळबुळीत थर साचतो, तो बॅच संपल्यावर धुऊन काढल्याशिवाय पाण्यातल्या क्लोरीनचा पुरेसा परिणाम होत नाही. शेड निर्जंतुक करून काही दिवस रिकामी ठेवण्याचा आग्रह पिल्ले पुरवणाऱ्या कंपनीकडे धरा, पिल्ले लवकर पाठवण्याची घाई त्यांची असते.

प्रश्न : ग्राहक, ऐरोली

असे जंतू शिजवल्यावर मरतात का?

उत्तर : पशुवैद्यक, कल्याण

होय, मांस आतपर्यंत ७५ अंश सेल्सिअसला शिजल्यास मरतात. खरा धोका कच्चे मांस नळाखाली धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांचा आणि त्याच सुरीने कोशिंबीर चिरण्याचा आहे. औषधाचा अंश मात्र शिजवूनही पूर्णपणे जाईलच असे नाही, त्यामुळे शेवटच्या मात्रेनंतर लेबलवर दिलेले दिवस उलटल्याखेरीज पक्षी विक्रीला काढू नयेत.