रोजचा लांबचा प्रवास: कसा काढलात, कसा काढताय?

चौथी सीट
काल सकाळी भाच्याचा फोन. सोलापूरहून आलाय, बदलापूरला माझ्याकडेच राहतो, बीकेसीत नोकरी लागून चौथा दिवस. "मावशी, तिसरी गाडी सोडली. दारापर्यंत पोचतच नाही गं." मी पोहे परतत होते. म्हटलं, अरे तू चढायला जाऊच नकोस. दार जिथे येतं तिथे उभा राहा, सॅक पोटाशी घे, चढवायचं काम मागचे करतात. फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या मला अख्खा डबा आठवला. पोहे लागले.

बदलापूर-व्हीटी, १९९४ ते २०१९. एका बाजूला ६८ किमी. (सीएसएमटी म्हणायला हवं, पण माझ्या पासावर शेवटपर्यंत काहीही छापून आलं तरी तोंडात व्हीटीच.) आमची कर्जतहून भरून यायची. आमच्या ग्रुपमधल्या दोघी वांगणीच्या, त्या जागा धरून ठेवायच्या. पहिली अकरा वर्षं मी चौथी सीट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाक तिघींचा, चौथीने टेकायचं. एक मांडी बाकावर, दुसरी हवेत. कुर्ल्याला गाडीने ब्रेक मारला की हवेतली मांडी कामाला लागते. खिडकी मिळाली ती खिडकीवाल्या काकू रिटायर झाल्या तेव्हा. प्रमोशनपेक्षा जास्त आनंद झाला होता, खोटं नाही सांगत.

माझं डोहाळजेवण अंबरनाथ ते ठाणे एवढ्यात उरकलं. वेणी, हिरव्या बांगड्या, पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या, सगळं. मी उचललेल्या वाटीत बर्फी निघाली आणि झाला मुलगा. कल्याणला चढलेल्या एका अनोळखी बाईंनीही ओटी भरली. नारळ कुठून आणणार, त्यांनी पिशवीतलं सफरचंद घातलं. त्या परत कधी दिसल्या नाहीत. आणि बांगड्या भरणारी जी, तिला आम्ही सगळ्या 'मुलुंड' म्हणायचो. पंचवीस वर्षांत आडनाव विचारलंच नाही.

तुमचंही लिहा. लोकलच पाहिजे असं नाही.

बंडूतात्या
भाचा पोचला का शेवटी?

स्वाती_नाशिकरोड
पंचवटी एक्सप्रेस, नाशिकरोड-मुंबई. सहा वर्षं. एका बाजूचे १८७ किमी. आमच्यापुढे तुम्ही मुंबईकरच. सकाळी अंधारात स्कूटर स्टँडला लावायची, रात्री अंधारात काढायची. माझी लेक तीन वर्षांची असताना शेजारणीला सांगायची, आई रविवारी येते.
येताना कसाऱ्याला गाडी थांबते, मागे बँकर इंजिनं लागतात, ती घाट चढवायला ढकलतात. तो धक्का बसला की आमच्या डब्यात झोपलेले सगळे अर्धे डोळे उघडून परत झोपायचे. आता नाशिकमध्येच नोकरी आहे, घरापासून दहा मिनिटं. तरी रात्री आठच्या सुमाराला सोफ्यावर डोळा लागतो आणि दचकून जाग येते.

विरारी वाघ
पश्चिम रेल्वेवाले हजर. चौथी सीट वगैरे लाड आहेत हो. आमच्याकडे विरार फास्टमध्ये कोणी बोरिवलीला उतरायचं म्हणून चढला तर दारातली मंडळी आधी त्याच्याकडे बघतात, मग एकमेकांकडे बघतात. पुढचं तो वसईहून परतताना आठवत बसतो.

बंडूतात्या
वाघोबा, यात अभिमान कसला? म्हातारा माणूस असला तर?

विरारी वाघ
तात्या गंमत केली. म्हाताऱ्यांना आम्ही उचलून ठेवतो.

लाँचवाले गुरुजी
लोकलच पाहिजे असं नाही म्हणालात म्हणून लिहितो. साताऱ्यातून कासवरून बामणोलीपर्यंत मोटरसायकल, पुढे शिवसागरात लाँच, उतरल्यावर तीन किमी चढ. शाळा दोनशिक्षकी. लाँचवाल्याला पुरेशी माणसं झाल्याशिवाय सोडायची नसायची, मला घंटा गाठायची असायची. मग मीच धक्क्यावर उभं राहून "चला चला" करायचो. एका बाजारच्या दिवशी दोन शेळ्या आणि एक नवा फ्रीज असा आमचा प्रवास झाला. फ्रीज मधोमध उभा, शेळ्या त्याला टेकून.
पावसाळ्यात कासला धुकं असं की पुढच्या एसटीचा मागचा दिवा हाच रस्ता. दिवा थांबला की आपण थांबायचं. एकदा दिवा थांबला, मी थांबलो, दहा मिनिटं झाली. बघतो तर एसटी नाही, एका हॉटेलच्या दारातला बल्ब.

चौथी सीट
गुरुजी 😀😀 पोट दुखलं हसून. अजून लिहा ना.

लाँचवाले गुरुजी
पेपर तपासायचेत. रात्री बघतो.

फेज थ्री पीडित
हडपसर ते हिंजवडी. अंतर विचारू नका, वेळ विचारा. वेळही नका विचारू.
कंपनीच्या बसमध्ये जर्मन शिकतोय. वाकड पूल ते फेज थ्री एवढ्यात एक धडा होतो. पाऊस असला तर उजळणीसकट.

अनामिका सानपाडा
कोणाला आठवतं का, ५ मे १९९२ ला पहिली लेडीज स्पेशल सुटली, चर्चगेट-बोरिवली? मी तेव्हा बोरिवलीला राहायचे, नुकती नोकरीला लागलेले. अख्खी गाडी बायकांची. पुरुष प्लॅटफॉर्मवर उभे राहून बघतायत, त्यांच्या समोरून सगळे डबे आमचे जातायत. आमच्यातली एक मुद्दाम जनरलच्या डब्यात बसली, आयुष्यात एकदा बसून बघते म्हणाली. बाकी गर्दीचं म्हणाल तर बायकांची असो की पुरुषांची, कोपर तेच.

राजा माणूस
मेथी निवडायच्या का तुम्ही पण गाडीत?

चौथी सीट
मेथी, मटार, गवार. लसूण सोलायची मात्र आमच्यात बंदी होती, एसी नव्हता तरी. एकदा माझ्या निवडलेल्या मेथीची पिशवी दुसरीकडे गेली आणि तिच्या न निवडलेल्या चवळीची माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी म्हणते, मेथी फार छान निवडली होतीस.

घाटावरचा
मी थोडं वेगळं लिहितो, रसभंग होईल, माफ करा. हे सगळं आठवणीत गोड लागतं. मी दिवा स्टेशनवरून बारा वर्षं दारात उभा राहून गेलोय, कारण आत जायला जागाच नसते. हौस नसते हो कोणाला. उजव्या हाताने दांडा, डाव्या हाताने पुढच्याची बॅग. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारातली माणसं खाली पडली, जीव गेले. ते वळण माझ्या रोजचं. बातमी ऐकली तेव्हा माझा उजवा हात आपोआप आवळला गेला, ऑफिसच्या खुर्चीत बसलेलो असताना. त्या दिवशी उशिरा पोचलेल्यांचा आमच्याकडे अर्धा दिवस कापला. साहेब स्वतःच्या कारने येतात.
आता घर बदललंय. भाडं सात हजारांनी वाढलं. बायको म्हणते परवडत नाही. मी म्हणतो बघू.

स्वाती_नाशिकरोड
घाटावरचा, बरं केलंत घर बदललंत. रसभंग काही नाही.

बंडूतात्या
खरं आहे. सांभाळा.

नीरजा (डोंबिवली)
मी परिचारिका. २०२० मध्ये मार्चच्या शेवटी लोकल बंद झाल्या तेव्हा आम्हाला एसटीने न्यायचे. डोंबिवली ते सायन. रांगेत तास-दीड तास, वर ट्रॅफिक नाही तरी दोन अडीच तास व्हायचे. १५ जूनला आमच्यासाठी लोकल सुरू झाली. पहिल्या दिवशी डब्यात आम्ही सात जणी. सवयीने धावत चढले, सवयीने पहिल्या बाकाकडे झेपावले, आणि मग बघितलं की सगळ्या खिडक्या रिकाम्या. कुठे बसावं कळेना. शेवटी ठाण्यापर्यंत उभीच राहिले. पंखे मात्र सगळे चालू होते, एवढी वर्षं आम्ही त्यातला एक कंगव्याने ढकलून चालू करायचो.

राजा माणूस
कंगवा!!! मी पेन वापरायचो

अनामिका सानपाडा
नीरजाताई, सलाम. माझी वहिनी पण तेव्हा केईएमला ड्यूटी करून यायची. जिन्यातच कपडे बदलायला पडदा लावला होता.

एडिसनकर
इकडे न्यू जर्सीत पण तेच. संध्याकाळी न्यूयॉर्क पेन स्टेशनात शेकडो माणसं माना वर करून बोर्डाकडे बघत उभी. गाडी कुठल्या ट्रॅकवर लागणार ते सुटायच्या जरा आधी झळकतं आणि मग सगळे एकाच जिन्याकडे. पहिल्या दिवशी बरोबरचे गोरे सहकारी गांगरले, मी दादरचा असल्याने सर्वात आधी खाली. एक डबा शांततेचा असतो, फोनवर बोलायचं नाही. त्यात मी एकदा आईचा फोन घेतला, हळू आवाजात. आईचा आवाज हळू नव्हता.

विरारी वाघ
शांततेचा डबा!! आमच्याकडे भजनी डबा आहे. टाळ, ढोलकी, सगळं. नालासोपाऱ्याला अभंग सुरू, अंधेरीला आरती. ज्याला झोपायचंय त्याने पुढच्या डब्यात जावं.

फेज थ्री पीडित
पुढच्या डब्यात पत्ते असतात ना?

विरारी वाघ
हो. त्यांची ब्रीफकेस, तीच टेबल. ब्रीफकेसचा मालक खेळत नाही, पण त्याला रोज बसायला मिळतं.

राजा माणूस
दख्खनच्या राणीवाले कुठे गेले? १९३० पासून धावतेय, एकही पुणेकर लिहीत नाही म्हणजे काय. त्यांच्या पासवाल्यांच्या डब्यात चुकून बसलो होतो मी एकदा. कोणी काही बोललं नाही. नुसते बघत राहिले, लोणावळ्यापर्यंत.

डबा क्रमांक गुप्त
आम्ही आहोत. वाचतोय. चुकून बसलात हे आम्हाला चढतानाच कळलं होतं. चीज टोस्ट घेतलंत का पण?

राजा माणूस
घशाखाली उतरलं असतं का?

अनामिका सानपाडा
चौथी सीट, ती चटणी कोणती म्हणता ते नाही लिहिलंत. लसूण सोलायला बंदी, मग चटणी डब्यात आणायच्या ना कोणीतरी? आमच्याकडे एक जण जवसाची आणायची, अजून चव आहे जिभेवर.

चौथी सीट
अहो मी चटणीचं लिहिलंच नाही कुठे 😀 पण होती. 'मुलुंड'ची कारळ्याची. कारळे कोरडे भाजायचे, तडतडले की लगेच उतरवायचे, लाल तिखट, मीठ, लसूण सालासकट. घरूनच करून आणायची, म्हणून नियमात बसायचं.

बंडूतात्या
भाच्याचं काय झालं ते सांगा की कोणीतरी.

चौथी सीट
हो हो राहिलंच. चढला, चौथ्या गाडीत. मागच्यांनी चढवला. पण उतरवलं नाही कोणी. कुर्ल्याला दार दिसत होतं म्हणे, पाय जमिनीवर नव्हते. दादरला सगळ्यांबरोबर बाहेर पडला, तिथून उलटा कुर्ल्याला. पाऊण तास उशीर. संध्याकाळी आला तर सॅकचा एक बंद गायब, हातात वडापाव. म्हणाला, मावशी, एक काका भेटले, मुलुंडला उतरतात, म्हणाले उद्या मधल्या दारापाशी ये, आम्ही सांगतो कुठे उभं राहायचं.

बंडूतात्या
नाव विचारलं का काकांचं?

चौथी सीट
नाही.